विशेष मुलांची लहान शाळा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शिरूर तालुक्यांत, रांजणगांवच्या शेजारीं कारेगांव हें गांव आहे. रांजणगांवची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि या गांवाचें रूप पालटलें. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेलीं कुटुंबें येथें भाड्याच्या खोल्यांतून राहतात. बाप एका पाळीला, आई दुसऱ्या पाळीला, आणि आजी-आजोबा शेंकडों कोसांवर गांवीं. अशा घरांत एखादें मूल वयाच्या मानानें फार उशिरा चालूं-बोलूं लागलें, पांच-सहा वर्षांचें झालें तरी त्याला आपलें आपण जेवतां येईना, तर त्याला दिवसभर कोठें ठेवावें? आईनें काम सोडावें, किंवा बाहेरून कडी लावून जावें, हे दोनच मार्ग कित्येकांना दिसतात. तिसरा मार्ग शाळेचा. परंतु अशा मुलांची शाळा कशी असते, तींत कोण येतात, कोण येत नाहींत आणि तेथें मूल सुखरूप राहील कीं नाहीं, याची माहिती सुशिक्षित घरांतूनही बेताचीच असते.

या शाळांची परंपरा आपल्याकडे नवी नव्हे. मुक्या-बहिऱ्यांसाठीं मुंबईस १८८५ सालीं शाळा निघाली. अंधांसाठीं ॲना मिलार्डबाईंनीं १९०० सालीं काढली. बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांकडे लक्ष जाण्यास मात्र आणखी चार तपें लागलीं. मुंबईंतील वकील दांपत्यानें आपल्या जय नांवाच्या मुलीच्या गरजेतून १९४४ सालीं शाळा सुरू केली, तीच आज तिच्या नांवानें प्रसिद्ध आहे. पुण्यांत १९६४ सालीं ‘कामायनी’ निघाली. येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. डॉ. माँटेसरी यांनीं आपली पद्धति प्रथम रोममधील मंदबुद्धि मुलांसोबत काम करतांना पारखली, आणि मग १९०७ सालीं सामान्य मुलांच्या बालगृहांत आणली. आपल्या सुखवस्तु घरांतील मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवतात, तें साधन या उपेक्षित मुलांनीं दिलेलें आहे. ऋण आहे तें इकडून तिकडे नव्हे, तिकडून इकडे.

अशी शाळा लहान कां असते, हें साध्या हिशेबानें कळतें. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटि २४ लक्ष. तींत सर्व प्रकारचे दिव्यांग २९ लक्ष ६३ हजार, आणि बौद्धिक अक्षमता असलेले सुमारें १ लक्ष ६० हजार. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गांवांत अशीं माणसें सरासरीनें चौदा, आणि त्यांतलीं शाळेच्या वयाचीं पांच-सहा असावींत. तीस मुलांची शाळा चालवावयाची तर पन्नास-साठ हजार वस्तीचा मुलूख धुंडाळावा लागतो. इमारत, शिक्षक, साधनें या सर्वांआधीं गाडी लागते. कारखान्यांच्या बसगाड्या कामगारांना वेळेवर नेतात-आणतात; त्याच कामगाराच्या मुलाला शाळेंत नेणारी गाडी मिळणें हीच शाळेच्या जन्ममरणाची गोष्ट होऊन बसते. गणतींतून सुटलेलीं मुलेंही असतातच, कारण दारांत आलेल्या प्रगणकाला आपल्या मुलाचें व्यंग सांगणें आईबापांना जड जातें.

हजेरीपट उघडला म्हणजे दुसरी गोष्ट दिसते. सामान्य शाळेंत इयत्तेप्रमाणें वय असतें. येथें एकाच खोलींत सात वर्षांचें मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा असूं शकतो. एकाला जन्मतः डाउन सिंड्रोम, दुसऱ्याला मेंदूचा पक्षाघात, तिसरा स्वमग्न, चौथ्याला यांपैकीं दोन एकत्र. म्हणून शिक्षकाचें प्रमाण वेगळें लागतें. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं याविषयीं दिशा दाखविली ती अशी : बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या पांच मुलांमागें एक विशेष शिक्षक, मेंदूच्या पक्षाघाताच्या आठ मुलांमागें एक, आणि बहिरेपण व अंधत्व एकत्र असलेल्या दोन मुलांमागें एक. हा शिक्षक भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला असावा लागतो. पाटीवर तीस नांवें, खोलींत बारा मुलें आणि एकच बाई, असा प्रकार आढळला तर पालकानें सावध व्हावें. अनुदान पटसंख्येशीं बांधलेलें असलें म्हणजे पट फुगविण्याचा मोह होतो, हें उघडपणें बोललें पाहिजे.

आतां न येणाऱ्या मुलांकडे वळूं. त्याच जनगणनेप्रमाणें देशांतील पांच ते एकोणीस वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकीं शेंकडा ६१ शिकत होतीं, शेंकडा १२ शाळा सोडून बसलीं होतीं, आणि शेंकडा २७ कधींच शाळेंत गेलीं नव्हतीं. विशेष शाळांच्या पटावर मुलांपेक्षां मुली बहुधा कमी दिसतात. याचें कारण अंशतः निसर्गाचें आहे. स्वमग्नतेचें निदान मुलग्यांत तिप्पट-चौपट होतें, आणि बौद्धिक मंदत्वाचे कांहीं आनुवंशिक प्रकारही त्यांच्यांतच अधिक. पण सर्व दोष निसर्गाच्या माथीं मारतां येत नाहीं. न बोलणारी मुलगी वयांत येऊं लागली म्हणजे आई तिला घराबाहेर पाठविण्यास भिते, आणि पटावरून तिचें नांव गळतें. पटाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न दोन नव्हेत, ते येथें एक होतात. ज्या शाळेविषयीं मुलीच्या आईला विश्वास वाटत नाहीं, तिचा पट कितीही जाहिराती देऊन भरत नाहीं.

परप्रांतीय कुटुंबांची अडचण निराळी. तेथील दाखला येथें चालेल काय, या शंकेनें ते शाळेच्या दारापर्यंत येतच नाहींत. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमान्वयें मिळालेलें प्रमाणपत्र सर्व देशभर ग्राह्य आहे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेंकडा चाळीस किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलास, जवळच्या शाळेंत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेंत, मोफत शिक्षणाचा हक्कही त्यांत दिला आहे. शाळा सोडल्याचा जुना दाखला हातीं नाहीं म्हणून प्रवेश लांबवितां येत नाहीं, हें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत आहे.

सुरक्षितता म्हणजे कुलूप, असा एक समज आहे. मूल पळून जाऊं नये म्हणून दार बंद, खिडकीला गज, मग काळजी नाहीं! ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खाजगी आश्रयगृहांत आग लागली तेव्हां साखळदंडानें बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्याच प्रांतांत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजीं शाळेंतील आगींत ९४ मुलें दगावलीं. त्यानंतर २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांना अग्निसुरक्षेचे नियम बंधनकारक केले. बुद्धीनें मंद असलेलें मूल घंटा ऐकून स्वतः पळेल असें धरून चालतां येत नाहीं. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनीं बाहेर पडण्याचा सराव त्यालाही इतर पाठांसारखा शिकवावा लागतो. दार बंद असावें, पण आंतल्या मोठ्या माणसाला तें किल्लीवांचून उघडतां यावें.

रोजच्या धोक्यांपैकीं मोठा धोका फेफऱ्याचा. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकीं सुमारें पांचांत एकाला फेफरें असतें, असें अनेक देशांतील पाहण्यांवरून दिसतें. झटका आला असतां कांदा हुंगविणें, जोडा नाकाशीं धरणें, तोंडांत चमचा कोंबणें, हे प्रकार अजूनही होतात. ते सर्व निरुपयोगी, आणि चमचा तर अपायकारक. मुलाला कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कांहीं द्यावें, आजूबाजूच्या टणक वस्तु दूर कराव्या आणि घड्याळ पाहावें. पांच मिनिटें उलटलीं तर थेट दवाखाना. डाउन सिंड्रोमच्या मुलांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या हृदयांत जन्मजात दोष असतो, आणि कांहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. अशा मुलाला डॉक्टरला विचारल्याविना कोलांटी मारावयास लावूं नये. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाला निजवून भरविलें तर घांस श्वासनलिकेंत जातो. त्याला टेकून ताठ बसवावें आणि वेळ द्यावा. ज्या शाळेंत जेवणाची सुटी घाईनें उरकली जाते, ती शाळा या मुलांसाठीं नव्हे.

याहून कठीण प्रश्न माणसांपासूनच्या धोक्याचा. आपल्याच राज्यांत, शहापूर तालुक्यांतील कवडास येथील वसतिगृहाचें प्रकरण २०१० सालीं उघडकीस आलें आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतः होऊन त्यांत लक्ष घालावें लागलें. २०१२ चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा मुलाच्या मतिमंदतेचा गैरफायदा घेण्याचा प्रकार अधिक गंभीर गुन्हा मानतो. आपल्या हाताखालील माणसाचा गुन्हा कळूनही पोलिसांस न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. अशा मुलाचा जबाब घेतांना विशेष शिक्षकाची मदत घेण्याची सोयही त्यांत आहे. पण कायदा घडून गेल्यानंतर येतो. आधीं काय करावें? मुलाला शौचास कोण नेतें, कपडे कोण बदलतें, हें ठरलेलें व लिहिलेलें असावें. गाडींत चालकाखेरीज एक बाई असावी, आणि शेवटचें मूल उतरेपर्यंत ती उतरूं नये. सर्वांत मोलाचें साधन चित्रांची एक पाटी. न बोलणाऱ्या मुलाच्या पाटीवर ‘पाणी’, ‘भूक’, ‘घर’ हीं चित्रें बहुतेक शाळांतून असतात. ‘नको’, ‘दुखतें’ आणि शरीराच्या सर्व अवयवांचीं चित्रें नसतात. आपण मुलाला मागावयास शिकवितों, नकार द्यावयास शिकवीत नाहीं. आज्ञाधारक मूल शिक्षकांस आवडतें खरें. परंतु प्रत्येक मोठ्या माणसाची प्रत्येक आज्ञा मानणारें मूल सर्वांत असुरक्षित असतें.

म्हणून शाळा पाहावयास जाणाऱ्या आईबापांनीं भिंतीवरील प्रशस्तिपत्रें वाचण्यापेक्षां न कळवितां, मधल्या सुटीच्या वेळीं जावें. संडासाचें दार कसें आहे तें पाहावें. मुलांच्या औषधांची नोंद मागावी. शिक्षक मुलाला नांवानें हांक मारतात कीं ‘ए वेड्या’ म्हणून, हें ऐकावें. पालकाला आंत येऊं न देणाऱ्या शाळेंत मूल ठेवूं नये, मग ती कितीही नामांकित असो. आणि संशय आला तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि दिवसरात्र चालूं असतो.

अठराव्या वर्षीं शाळा संपते, मूल मात्र तसेंच राहतें. लहान शाळांच्या पटावर वीस-बावीस वर्षांचीं माणसें दिसतात तीं यामुळेंच. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, मसाल्याच्या पुड्या करीत तीं तेथेंच बसतात, कारण जाण्यास दुसरी जागा नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें या वयानंतर आईबापही आपोआप पालक राहत नाहींत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व मागावें लागतें. कारेगांवच्या माणसास त्यासाठीं पुण्याचें जिल्हाधिकारी कार्यालय गांठावें लागतें. पाळी बुडवून जावें लागत असल्यानें सर्व कागद, मुलाचें प्रमाणपत्र, आईबापांचा रहिवासाचा पुरावा आणि शाळेचा दाखला, एकदमच बरोबर घेऊन जावें.