जुन्या संगणकाला नवे काम

संगणक जुना झाला म्हणजे नेमके काय झाले? साखऱ्यासारख्या गावातल्या घरी पडून असलेला स्पर्शपडद्याचा संगणक घेऊ. पडदा, स्पीकर बहुधा शाबूत असतात. नव्या आज्ञावलींना त्याची स्मृती अपुरी पडते. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सची हलकी, मोफत आवृत्ती तिथे चालू शकते. सोबत व्हीएलसी बसवले, की इंटरनेटशिवाय साठवलेली गाणी, चित्रफिती बोटाने लावता येतात.

चित्रफीत अडखळते का? ती दाबून साठवलेली असते; सेकंदाला पंचवीसेक चित्रे उलगडावी लागतात. नव्या पद्धतीची फीत जुन्या प्रोसेसरला जड जाते. म्हणून आपण एच.२६४ पद्धतीची, ४८० ओळींची निवडू.

आधी लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून स्पर्श व आवाज तपासू, जुनी छायाचित्रे उतरवून घेऊ. भंगारवाल्याला हाक त्यानंतर!