छत गळलं आणि तक्रारपत्राचा धडा मलाच गिरवावा लागला

नववी-दहावीला पत्रलेखन शिकवताना तक्रारपत्र आपण सगळेच घेतो. सदोष पंखा मिळाल्याबद्दल दुकानदारास पत्र लिहा, कचऱ्याबद्दल नगरपालिकेस पत्र लिहा. मायना, विषय, तीन परिच्छेद, ‘आपला विश्वासू’. मी वीस वर्षं हेच फळ्यावर लिहून देत आलो. गेल्या वर्षी मात्र स्वतःच्या घराच्या छतासाठी खरं तक्रारपत्र लिहायची वेळ आली, आणि पहिला मसुदा असा काही फसला की मुलानं लिहिला असता तर मी त्याला पाचात दोन गुणही दिले नसते.

घर दुरुस्तीचे वाद आपल्यापैकी अनेकांच्या घरी होतात. म्हणून काय घडलं, कुठे चुकलो आणि कायदा काय सांगतो ते सविस्तर लिहितो. वर्गात वापरता आलं तर जरूर वापरा.

आमचं घर कोल्हापुरात, वडिलांनी बांधलेलं, वर मोकळी गच्ची. दोन-तीन पावसाळे कोपऱ्यातल्या खोलीत ओल धरत होती. मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं ठरवलं आणि काम दिलं ते माझ्याच एका माजी विद्यार्थ्याला. आता तो अशीच कामं अंगावर घेतो. ओळखीचा, ‘सर सर’ करणारा मुलगा. त्याच्याकडे कागद कसा मागायचा? मी मागितला नाही. तो म्हणाला, “सर, पाच वर्षं वर बघायचं नाही.” मी ते गॅरंटीपत्र समजलो. ७८० चौरस फूट, ५५ रुपये दरानं ४२,९०० रुपये झाले. ३० हजार मोबाईलवरून पाठवले, उरलेले काम संपल्यावर रोख दिले. पावती? तीही नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला आणि मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर थेंब पडू लागले. आधी नुसती ओल होती, आता ठिबकायला लागलं! फोन केला तर म्हणाला, “सर, स्लॅबच जुना आहे.” दुसऱ्यांदा म्हणाला, “पाणी भिंतीतून येतंय, गच्चीतून नाही.” तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

त्या रात्री मी पत्र लिहिलं. दोन पानं. त्यात विश्वासघात होता, गुरुदक्षिणा होती, दोन म्हणीसुद्धा होत्या. सकाळी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमना वाचायला दिलं. त्यांनी वाचून विचारलं, “सर, यात गळतंय कुठे ते लिहिलंच नाही. आणि त्यानं नेमकं काय करायचं?” दोन पानांत ही दोन वाक्यं खरंच नव्हती.

मग शांतपणे बसलो आणि आधी हाताशी पुरावा काय आहे ते शोधलं. व्हॉट्सॲपवर मे महिन्यातला त्याचा एक मेसेज सापडला: ‘सर ५५ रु स्क्वेअर फूट, ३ कोट, पॅरापेट सकट.’ एवढाच. पण पुढे सगळा वाद त्या ‘पॅरापेट सकट’ या दोन शब्दांवर फिरला. पैसे पाठवल्याची नोंद बँकेत होती. रोख दिलेल्या १२,९०० रुपयांचा मात्र काहीच पुरावा नव्हता. तो माणूस प्रामाणिकपणे ‘मिळाले’ म्हणाला म्हणून बरं. तुमच्याही मोबाईलमध्ये अशा गप्पा असतील तर फोन बदलताना त्या पुसल्या जाणार नाहीत हे पाहा. दर, माप, साहित्य आणि मुदत एवढं साध्या मेसेजमध्ये लिहून समोरच्याचं ‘हो’ मिळवलं, तरी तो उपयोगी पुरावा होतो. त्यासाठी स्टॅम्प पेपरच लागतो असं नाही.

नवं पत्र एका पानात बसलं. त्याचा मुख्य भाग देतो:

“दि. ९ ते १४ मे या काळात आपण आमच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंगचे काम केले. आपण व्हॉट्सॲपवर कळवल्याप्रमाणे कामात तीन कोट व पॅरापेटचा समावेश होता. ठरलेली रक्कम ४२,९०० रुपये मी दिली आहे. दि. २३ जूनपासून कोपऱ्यातील खोलीच्या छतातून भिंतीलगत पाणी ठिबकत आहे. तारखांसह फोटो सोबत जोडले आहेत. दि. २५ जून व ३ जुलै रोजी आपणांस फोनवर कळवले. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण येऊन गळतीचे कारण माझ्या उपस्थितीत तपासावे, व आपल्या कामातील दोष आढळल्यास तो विनामोबदला दुरुस्त करून द्यावा.”

यात ‘निकृष्ट’ हा शब्द नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. निकृष्ट आहे हे अजून सिद्ध व्हायचं होतं. पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं, पावती जपून ठेवली आणि तेच व्हॉट्सॲपवरही टाकलं. चौथ्या दिवशी तो आला. थोडा चिडलेला होता, पण आला.

आता गळतीबद्दल. छताला जिथे थेंब दिसतो, तिथेच वर भोक असतं असं आपण धरून चालतो. तसं नसतं. वरच्या थरात शिरलेलं पाणी कोब्याखालून उताराकडे सरकत जातं आणि स्लॅबला जिथे बारीक चीर मिळेल तिथे उतरतं. दोन ठिकाणांत दहा फुटांचं अंतरही असू शकतं. म्हणून ‘इथे गळतंय, इथे कोट मारा’ ही पद्धत फसते. खरं कारण शोधायची साधी रीत म्हणजे पावसाची उघडीप पाहून पाणी साठवून बघणं: पाइपचं तोंड बंद करायचं, इंच-दोन इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि निदान २४ तास खाली लक्ष ठेवायचं.

पण थांबा, यात एक धोका आहे आणि एक छान गणितही. एका चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० लिटर, म्हणजे ५० किलो. आमची गच्ची सुमारे ७२ चौरस मीटर. सगळी भरली तर ३,६०० किलो! जुन्या स्लॅबवर इंजिनीअरला विचारल्याशिवाय असा प्रयोग करू नका. आम्ही ओळखीच्या इंजिनीअरला बोलावलं, त्याच्या सल्ल्यानं मातीचा छोटा बांध घालून एकेक कोपरा वेगळा तपासला. मॅडमनी पाण्यात रंग घालायला सांगितलं होतं, म्हणजे कुठलं पाणी कुठे उतरलं ते कळतं. मुलगी तर वहीत वेळा टिपत बसली होती.

मोकळ्या भागात काहीच झालं नाही. तिथलं काम चांगलं होतं, हे कबूल करायला हवं. पॅरापेटलगतच्या कोपऱ्यात मात्र सहा तासांत खाली रंगीत थेंब आला. इंजिनीअरनं कारण दाखवलं: गच्ची आणि भिंत जिथे काटकोनात मिळतात, तिथे आधी सिमेंटची गोलाई करून मग लेप भिंतीवर काही इंच वर चढवायला हवा. उन्हानं स्लॅब आणि भिंत वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात; तीक्ष्ण कोपऱ्यातला पातळ लेप तो ताण सोसत नाही, तडकतो. आमच्याकडे गोलाई नव्हती आणि भिंतीवर लेप जेमतेम बोटभर चढला होता. ‘पॅरापेट सकट’ हे शब्द इथे उपयोगी पडले. पावसाच्या पाइपच्या तोंडाशीही लेप नीट आत उतरवलेला नव्हता.

तिसरी जागा निघाली ती मात्र आमची. काम झाल्यावर दहा दिवसांनी आम्ही सोलर हीटर बसवून घेतला होता. त्याच्या स्टँडचे बोल्ट दुसऱ्या माणसानं थेट नव्या लेपातून ड्रिल मारून ठोकले होते, आणि दोन बोल्टांपाशी पाणी मुरत होतं. पहिल्या पत्रात मी ज्याला विश्वासघात म्हटलं होतं, त्यातला एक वाटा माझ्याच घरचा निघाला. ते पत्र पोस्टात टाकलं नाही याचं आजही समाधान वाटतं.

समजा तो आलाच नसता, तर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (२० जुलै २०२० पासून लागू) इथे उपयोगी पडतो. पैसे घेऊन अंगावर घेतलेलं दुरुस्तीचं काम ही ‘सेवा’ आहे आणि ठरल्याप्रमाणे ते न करणं ही ‘सेवेतील त्रुटी’. व्यक्तिगत सेवेचा करार, म्हणजे मालक-नोकर स्वरूपाचं काम, यातून वगळलेलं आहे. म्हणून काम अंगावर दिलं होतं की माणूस आपल्या हुकमाखाली रोजावर होता, हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘पुढच्या पावसाळ्यात बघू’ असं दोनदा म्हटलं की ती निघून जाते. आधी नुसतं मार्गदर्शन हवं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एक गोष्ट पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. रागाच्या भरात लगेच दुसऱ्या गवंड्याला बोलावून सगळं उखडू नका; पहिल्या कामाचा पुरावाच नाहीसा होतो. आधी फोटो, शक्य तर इंजिनीअरचा लेखी अहवाल, मग दुरुस्ती. पण याचा अर्थ घर भिजत ठेवायचं असाही नाही. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना, नुकसान आवरायला आपल्या हाती काय उपाय होते हेही पाहिलं जातं. आम्ही फोटो काढून दुसऱ्याच दिवशी ताडपत्री घातली. तिच्या ८०० रुपयांची पावती मात्र ठेवली.

आमचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. गच्चीवरच बसून तिघांनी एका कागदावर लिहिलं: पॅरापेटची गोलाई आणि पाइपचं तोंड तो स्वखर्चानं करणार, बोल्टांचा खर्च आमचा, काम दिवाळीनंतर कोरड्या दिवसांत, आणि पाच वर्षांची हमी आता सहीनिशी. सही करताना तो म्हणाला, “सर, आधीच लिहून घेतलं असतं तर मलाही पॅरापेट लक्षात राहिलं असतं.” यावर मला उत्तर सुचलं नाही.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. यंदा घोषणा आणि भित्तिपत्रकांऐवजी वर्गाला माझी दोन्ही पत्रं, नावं झाकून, तपासायला दिली. पहिल्याला सर्वाधिक मिळाले दीड गुण. एका मुलीनं समासात लिहिलं होतं, ‘राग कळला, तक्रार कळली नाही.’ दुसऱ्या पत्रातही एकानं चूक काढली: खोली कोणत्या दिशेची ते लिहायला हवं होतं. बरोबर आहे.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री त्याचाच फोन आला, “सर, कोरडं आहे ना?” टेबलावरचा कोपरा कोरडा होता. पाइपजवळ हाताएवढी ओल दिसत होती. तिचा फोटो तारीख टाकून पाठवला. रविवारी येऊन तो ते तोंड पुन्हा बंद करून गेला.