मुलगा पारखून घेणारी घराणी

भारतात मारुती 800 आणणारे ओसामू सुझुकी जन्माने सुझुकी नव्हतेच! 1930 साली गेरो गावात जन्मले तेव्हा आडनाव होतं मात्सुदा. बँकेत नोकरीला होते. 1958 साली सुझुकी कंपनीच्या संस्थापकांच्या नातीशी त्यांचं लग्न झालं आणि सासरच्यांनी जावयालाच रीतसर दत्तक घेतलं. सासरे शुनझो हेही असेच दत्तक जावई.

जपानमध्ये याला 'मुकोयोशी' म्हणतात. तिथे दरवर्षी होणाऱ्या दत्तकविधानांत बहुतेक दत्तक 'मुलं' चांगली मोठी, प्रौढ माणसं असतात. दत्तक जाणारा घेणाऱ्यापेक्षा वयाने मोठा नसावा, ही मुख्य अट. घराण्याच्या नोंदवहीत नाव चढतं, आडनाव बदलतं, पोटच्या मुलाइतका वारसाहक्क मिळतो. गंमत म्हणजे जन्मदात्यांच्या इस्टेटीतला हक्कही सहसा सुटत नाही. (वारस वाढले की वारसाकर हलका होतो, म्हणून दत्तक घेणारेही निघाले, तेव्हा सरकारने त्यावर मर्यादा घातली.)

ओसाकाच्या सेन्बा पेठेतल्या व्यापाऱ्यांना तर मुलगी झाल्याचा आनंद जास्त असायचा. मुलगा कसा निघेल ते दैवाधीन, जावई मात्र पेढीवरच्या हुशार कारभाऱ्यांतून पारखून घेता येतो. पेढी एकाच्याच हाती जायची, आणि तो कोण हे मालकाच्या हयातीतच सगळ्यांना ठाऊक. माझ्या मते खरी मेख इथे आहे. तेराव्यानंतर कपाट उघडून कागद शोधायला लागले, की सख्खे भाऊ वकील गाठतात.

मोठ्या माणसाला दत्तक घेणं फार परकं वाटतंय? मुंबई इलाख्यात मानल्या जाणाऱ्या नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूख' या धर्मशास्त्राच्या ग्रंथानुसार लग्न झालेला, मूलबाळ असलेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने 15 वर्षांची वयोमर्यादा घातली, तीही रूढी नसेल तरच. पण आपण दत्तक घेतला तो मुख्यतः वंशासाठी, पिंडासाठी. हिशेबाची वही कोणाला कळते हे पाहून क्वचितच. आणि घरजावयाची चेष्टा करण्यात तर आपला हात कोण धरणार!

जपानी कंपन्यांवरच्या 2013 च्या एका अभ्यासात दत्तक वारसांच्या कंपन्या रक्ताच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस ठरल्या. तरी पारख म्हणजे हमी नव्हे. ओसामूंनीही कारभारासाठी जावई हेरला होता, हिरोताका ओनो. तो 2007 साली वारला. पुढच्याच वर्षी 78 वर्षांच्या ओसामूंना कंपनीचं अध्यक्षपद पुन्हा हाती घ्यावं लागलं, आणि 2015 मध्ये त्यावर आले पोटचे चिरंजीव, तोशिहिरो.