यंत्राच्या बोली आणि मुक्या चुका

जऊळक्याच्या स्थानकावरून जाणारा अकोला-पूर्णा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. दोन रुळांमध्यें १ मीटर अंतर असे. २००८ सालीं तो ब्रॉडगेज झाला व तें अंतर १६७६ मिलिमीटर झालें. गांवें तींच राहिलीं, परंतु जुनी गाडी नव्या रुळांवर चालेना. संगणकाच्या कामांतही असाच प्रसंग येतो.

विद्यार्थ्यांचीं नांवें, गुण इत्यादि माहिती ज्या संगणकीय कोठारांत ठेवितात, त्यास डेटाबेस म्हणतात. त्यास प्रश्न विचारण्याची भाषा एस्क्यूएल होय. १९७४ सालीं आयबीएम कंपनींतील चेंबरलिन व बॉइस ह्या संशोधकांनीं तिचा आराखडा प्रसिद्ध केला; १९८६ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाण ठरलें. तथापि मराठींत जशी वऱ्हाडी, तशा हिच्याही ओरॅकल, मायएस्क्यूएल, पोस्टग्रेस अशा बोली झाल्या.

एका बोलींतील प्रश्न दुसरींत नेतांना दोन जातींच्या चुका होतात. पहिली बोलकी. पहिल्या दहा ओळी मागण्यास मायएस्क्यूएलमध्यें 'लिमिट' लिहितात; मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरला तेथें 'टॉप' हवा. शब्द चुकला कीं यंत्र अडून बसतें व कोठें अडलें तेंही सांगतें. ही चूक उपकारकच समजावी.

दुसरी मुकी. समजा, दोन परीक्षांची सरासरी ६० हून अधिक असल्यास शिष्यवृत्ति मिळते, आणि एका मुलीच्या गुणांची बेरीज १२१ आहे. १२१ भागिले २ ह्याचें उत्तर मायएस्क्यूएल ६०.५ देतें, पोस्टग्रेस मात्र दोन्ही संख्या पूर्णांक पाहून अपूर्णांक टाकून देतें व ६० सांगतें. यंत्र तक्रार करीत नाहीं, यादी सुबक छापून येते, आणि त्या मुलीचें नांव मात्र तींत नसतें! २ च्या जागीं २.० लिहिलें कीं दोष नाहींसा होतो. तसेंच ओरॅकल कोऱ्या मजकुरास 'माहितीच नाहीं' असें समजतें. पोस्टग्रेस ह्या दोहोंत भेद करितें.

ह्यावर उपाय असा: प्रश्न एकदम न बदलतां थोडा थोडा बदलावा. प्रत्येक भाग अशा दहा-वीस नोंदींवर चालवावा, कीं ज्यांचें उत्तर आपण आधींच कागदावर काढलें आहे. त्या नोंदींत काठावरचे गुण व कोऱ्या जागा अवश्य असाव्यात. शेवटीं जुन्या व नव्या कोठाराचीं उत्तरें शेजारीं ठेवून ताडून पाहावीं.

विद्यार्थिमित्रांनो, उदाहरण सोडविल्यावर ताळा पाहण्याची संवय गुरुजन लावितात, तिचेंच हें मोठें रूप होय. यंत्र अडलें नाहीं म्हणजे उत्तर बरोबर आलें, असें कोणीही समजूं नये.