आधी सूर, मग चित्र

ॲनिमेशनच्या कामात नवख्याला चकवणारी एक गोष्ट असते. हलतं चित्र तयार होण्याआधी बहुतेक वेळा आवाज तयार असतो. गाणं आणि संवाद ध्वनिमुद्रित होतात, त्यांची फ्रेमगणिक मोजणी तक्त्यावर मांडली जाते आणि मगच चित्रकार पेन्सिल उचलतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आणि गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असली, तर दर बाराव्या फ्रेमला ठोका येतो. पात्राचं पाऊल तिथेच पडायला हवं. सुराने पुढे चालावं आणि चित्राने मागून यावं, हा क्रम सांगली-साताऱ्याकडच्या मातीला जुनाच ओळखीचा आहे. त्याचा मागोवा घेताना वाटेत पुन्हा पुन्हा रामकथाच भेटते.

पहिला टप्पा १८४३चा. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. या नाटकाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पदं सूत्रधार म्हणायचा, साथीदार झील धरायचे आणि पात्रं त्या पदाबरहुकूम हालचाल करायची. पात्रांचे संवाद बहुतांशी आयत्या वेळचे असत, पण पद बांधलेलं असे. म्हणजे आवाज एकाचा, देह दुसऱ्याचा, आणि दोघांना जोडणारी फक्त लय. राक्षसांची आरडाओरड आणि युद्धाची धामधूमही तालवाद्यांवर उभी राही. पात्राची प्रत्येक हालचाल संगीताने टिपायची, या तऱ्हेला पुढे वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटांमुळे ‘मिकी माउसिंग’ असं नाव पडलं. डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ आला १९२८ साली. भावे लाकडी बाहुल्याही घडवत. त्यांच्या जुन्या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. बाहुलीला स्वतःचा आवाज नसतोच, त्यामुळे तिच्याबाबतीत हा क्रम टाळताही येत नाही.

साताऱ्याकडच्या औंध संस्थानात मात्र नेमकं उलट घडलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचं ‘चित्र रामायण’ १९१६ साली ग्रंथरूपात आलं. त्यातला प्रसंग पानावर थांबलेला असतो. पुढचा क्षण वाचकाने मनात आणायचा. गाणंही औंधात होतंच. अंतूबुवा जोशी यांनी १९४०मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव हे त्या गावाचं भूषण. पण चित्र संग्रहालयात आणि गाणं मंडपात, अशी दोघांची घरं वेगळी राहिली.

त्याच औंध संस्थानातल्या आटपाडी भागातले, माडगूळचे ग. दि. माडगूळकर. त्यांचं काही शिक्षणही औंधला झालं. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून त्यांचं ‘गीत रामायण’ सुरू झालं आणि सुधीर फडके यांच्या चालींवर वर्षभर चाललं. ५६ गीतं, आणि चित्र एकही नाही. तरीही ऐकणाऱ्यांना सगळं दिसत होतं. माझ्या मते त्याचं कारण गदिमांच्या पेशात आहे. ते पटकथा लिहिणारे. प्रत्येक गीत कोणाच्या तोंडी आहे, तो कुठे उभा आहे, कोणाकडे पाहतो आहे, हे ठरल्याशिवाय त्यांची ओळ सुरूच होत नाही. ही जवळजवळ चित्रपट्टीच झाली, फक्त रेघा ओढायचं काम श्रोत्यांवर सोपवलेलं.

गदिमांनी लिहिलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’चे संगीतकार वसंत देसाई. ‘प्रभात’ फिल्म कंपनीत घडलेल्या या संगीतकाराकडे पुढे खऱ्या अर्थाने ॲनिमेशन आलं ते १९७४च्या ‘एक अनेक और एकता’मध्ये. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं. लहान मुलाच्या प्रश्नातून गाणं सुरू होतं. एकाचे अनेक होत जातात तसतशी पडद्यावरची आकृत्यांची गर्दी वाढते, आणि पाखरं जाळ्यासकट उडतात तेव्हा चाल त्यांना उचलून धरते. चित्रं अगदी साधी, पण पिढ्यांच्या लक्षात राहिली ती चालीच्या जोरावर.

रामकथा पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटात आली ती १९९२मध्ये, ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ या भारत-जपान निर्मितीत. युगो साको यांच्यासोबत दिग्दर्शनात राम मोहन होते. मुंबईतल्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात, डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ते तयार झाले होते. संगीत वनराज भाटिया यांचं. इंग्रजी आवृत्तीतही गाणी संस्कृतच ठेवली गेली. परदेशी प्रेक्षकाला शब्द कळणार नव्हते, त्यामुळे भाव पोचवायची सगळी जबाबदारी सुरावर आणि रेषेवर आली. हाच चित्रपट जानेवारी २०२५मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला.

हल्ली दृश्यं आधी पुरी करून शेवटी तयार पार्श्वसंगीत चिकटवणं संगणकामुळे सोपं झालं आहे. सोय चांगलीच, पण असं संगीत प्रसंगाला फार तर शोभा देतं. पात्राला चाल देत नाही. सांगली-साताऱ्यातून आज ॲनिमेशन शिकायला निघालेल्या मुलांनी परदेशी धडे जरूर गिरवावेत. त्याआधी भाव्यांच्या सूत्रधाराचं काम एकदा समजून घ्यावं. पात्राने पाऊल कधी उचलायचं, हे तो गाऊन सांगत असे.