वसुली आणि न्याय : कलेक्टरच्या हुद्द्याची अडीचशे वर्षे



मोर्चा कामगारांचा असो की शेतकऱ्यांचा, जिल्ह्यात तो शेवटी कलेक्टर कचेरीवरच का जातो? गाऱ्हाणे कारखानदाराविरुद्ध असते, पाण्याचे असते, रेशनचे असते; निवेदन मात्र कलेक्टरच्याच हाती पडते. माझी शाळा लवकर सुटली. युनियनच्या कामासाठी कायद्याची पुस्तके चाळता चाळता या प्रश्नाचे जे उत्तर सापडले, ते आपल्यापुढे ठेवतो.

कलेक्टर या शब्दाचा अर्थ गोळा करणारा. १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, मिळाला. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कलेक्टर नेमले. वर्षभरातच त्यांना परत बोलावण्याचे ठरले. पुढे ते पुन्हा आले आणि न्यायदानाचे कामही त्यांच्याकडे गेले.

येथे मूळ प्रश्न उभा राहिला. सारा ज्याने वसूल करायचा, त्यानेच वसुलीतल्या जुलमाची तक्रार ऐकायची काय? १७९३ साली खुद्द लॉर्ड कॉर्नवॉलिसने याचे उत्तर 'नाही' असे दिले. बंगालमध्ये त्याने कलेक्टरकडे फक्त वसुली ठेवली आणि न्यायासाठी वेगळा जज्ज नेमला. पण दोन अधिकारी पोसण्यापेक्षा एक स्वस्त पडतो आणि त्याचा धाकही अधिक बसतो. १८३१ नंतर बेंटिंकच्या कारकीर्दीत मॅजिस्ट्रेटचे अधिकार कलेक्टरकडे परत जाऊ लागले.

आपल्याकडे तर आरंभच एकहाती झाला. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पुण्यास रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर आणि खानदेशात ब्रिग्ज असे लष्करी कप्तान कलेक्टर म्हणून बसवले. सारा, फौजदारी आणि बंदोबस्त, सर्व त्यांच्याच हाती. 'मायबाप सरकार' हा शब्द आपल्या तोंडी रुळला, त्याचे नवल नाही. माय आणि बाप दोन्ही एकाच खुर्चीत बसले होते!

त्यावर १८७६ साली मुंबई इलाख्यासाठी महसूल अधिकारितेचा कायदा आला. सारा जास्त बसला, अशी फिर्याद दिवाणी कोर्टात नेण्याचे दार त्याने बंद केले. आकारणी महसूल खात्याची, वसुली त्याची आणि अपीलही त्याच्याच वरच्या पायरीवर.

याचा परिणाम १९१८ साली खेडा जिल्ह्यात दिसला. पीक चार आण्यांहून कमी आले तर त्या वर्षीची वसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. रयत म्हणे, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत, जास्त आहे. गांधीजींची मागणी एवढीच होती की त्रयस्थ पंच नेमा. सरकारने ती मानली नाही आणि सत्याग्रह झाला.

दहा वर्षांनी बारडोलीत तेच घडले. साऱ्यात २२ टक्के वाढ झाली. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली लोकांनी सारा नाकारला, तेव्हा जमिनी आणि म्हशी जप्त झाल्या. अखेर सरकारला चौकशी नेमावी लागली. तिच्यात मॅक्सवेल महसूल खात्याचे, तर ब्रूमफील्ड न्यायखात्याचे अधिकारी होते. त्यांनी तपासून काढले, तेव्हा सुमारे ६ टक्क्यांपलीकडची वाढ टिकली नाही. हिशेब बाहेरच्या माणसापुढे गेला, म्हणून बावीसाचे सहा झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे सार या दोन आकड्यांत आहे.

न्याय आणि अंमल वेगळे करा, ही काँग्रेसची अगदी आरंभीच्या अधिवेशनांपासूनची मागणी होती. स्वराज्यात ती घटनेच्या ५० व्या कलमात आली. मुंबई राज्याने १९५१ साली तसा कायदा केला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती व्यवस्था देशभर नेली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा विकासाचे पुष्कळसे काम कलेक्टरकडून काढून लोकप्रतिनिधींकडे दिले गेले.

मग उरले काय? पुष्कळच उरले. सभा-मोर्चांवर बंदी घालणारे जुने १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ कलम झाले. क्रमांक बदलला, अधिकार राहिला. तो बंदीहुकूम रद्द करा, हा अर्जही त्याच दंडाधिकाऱ्याकडे करता येतो; पुढे हायकोर्ट आहे, पण मोर्चाची तारीख तोवर थांबत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालकाने कामगाराची देणी बुडवली, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३ सी कलमाखाली सरकार कलेक्टरला दाखला पाठवी आणि ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाई. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. ज्या हाताने रयतेची म्हैस ओढून नेली, तोच हात मालकाच्या मालमत्तेवर जप्ती आणू शकतो! मात्र म्हशीपर्यंत तो जेवढ्या लवकर पोहोचे, तेवढ्या लवकर कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी मागे लागावे लागते.

म्हणून कलेक्टर कचेरीत जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समोरचा अधिकारी या क्षणी वसुली करणारा आहे, दंडाधिकारी आहे की सरकारचा प्रतिनिधी, हे नम्रपणे विचारावे. हुकूम कोणत्या कलमाखाली दिला, ते लेखी मागावे आणि अपील कोठे, तेही. मायबापाला असा प्रश्न कोणी विचारत नसे. नागरिकाने तो विचारलाच पाहिजे.