सूर्याचा रथ आणि देहाचे सांधे

माघ शुद्ध सप्तमी ही रथसप्तमी होय. मकरसंक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाची सांगता याच दिवशी होते. सूर्योदयी अंगणात तुळशीवृंदावनापाशी सूर्यरथाची रांगोळी काढावी, गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ द्यावे, ही आपली घरोघरची रीत. या रीतीतील एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सडा, रांगोळी, विस्तव, नमस्कार, यांतील काहीही खाली वाकल्यावाचून आणि पुन्हा उठल्यावाचून होत नाही.

आमच्या घरी हे सारे मातोश्री करीत. काही वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून त्यांना खुर्चीत बसविले. पाणी हातात, ताट हातात, देवपूजेची फुलेसुद्धा जागेवर! यालाच आम्ही मातृसेवा समजत होतो. वर्ष सरले तो न्हाणीघरापर्यंत जाण्यासही त्यांना आधार लागू लागला, आणि त्या रथसप्तमीस दूध उतू गेले ते त्यांनी उंबरठ्याच्या आतून पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी प्रसादाची खीरही त्यांनी नावापुरतीच घेतली.

दोष गुडघ्यांइतकाच आमच्या सेवेचाही होता, हे पुढे एका फिजिओथेरपिस्ट भगिनींनी आम्हांस समजावून दिले. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच मुख्यत्वे तिचे पोषण होते. पाऊल टेकले की ती दाबली जाते, उचलले की सैल होऊन तो द्रव शोषून घेते. आयुर्वेदानेही सांध्यांना स्निग्ध राखणाऱ्या कफास ‘श्लेषक’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते, मांडीचे स्नायू रोडावतात आणि सांध्याचा आधारच जातो. झिजलेली कूर्चा व्यायामाने पूर्ववत होत नाही, हे खरे. परंतु वेदना कमी होते व उठण्याबसण्याचे बळ येते.

सूर्योपासनेला व्यायामाची जोड देण्याचे मोठे कार्य औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी केले. ते स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत आणि आपल्या संस्थानातील शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. एका नमस्कारात मनगटापासून घोट्यापर्यंत बहुतेक सारे सांधे क्रमाने वाकतात व उलगडतात. पण यातील मर्म ‘नित्य’ या शब्दात आहे. एरवी वर्षभर आसन न सोडणारे काही उत्साही गृहस्थ रथसप्तमीस एकदम १०८ नमस्कार घालतात आणि अष्टमीस अंथरुणातून उठत नाहीत! सूर्यनारायण असा एका दिवसाचा पाहुणा नव्हे. नवशिक्याने दोन-तीन नमस्कारांनी आरंभ करावा, श्वास कोंडू नये, झटके देऊ नयेत.

ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी पूर्ण नमस्काराचा हट्ट धरू नये. मातोश्रींना त्या भगिनींनी सांगितले ते इतकेच : खुर्चीत ताठ बसून एकेक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा, असे दहा वेळा. मग टेबलाचा आधार घेऊन खुर्चीतून उठावे व बसावे. पुढे तुळशीला प्रदक्षिणा; आरंभी तीन, सोसतील तशा अधिक. थोडे दुखले तरी भिऊ नये. मात्र दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल तर प्रमाण कमी करावे. सांधा लाल होऊन सुजला, गरम लागला वा ताप आला, तर व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांस दाखवावे.

पहिले पंधरा दिवस कुरकुरीत गेले. त्यांच्यापेक्षा आमचीच कुरकुर अधिक, कारण पाण्याचा पेला पुढे न करता नुसते पाहत बसणे आम्हांस जड जाई.

पुढल्या रथसप्तमीस मातोश्री अंगणात बुटक्या स्टुलावर बसल्या. गोवऱ्या त्यांनीच रचल्या, विस्तव त्यांनीच फुलविला. दूध उतू गेल्यावर वृंदावनाच्या कठड्यावर हात टेकून त्या उठू लागल्या. आम्ही लगबगीने हात पुढे केला, तो त्या म्हणाल्या, “माझं राहू दे. आत जाऊन खीर ढवळ, खाली लागेल.”